हलक्या निष्कास-व्यवस्थेची रचना : प्रचलित विचारपद्धतीचे परीक्षण

वेगवान मोटारीच्या निष्कास-व्यवस्थेसंबंधी, म्हणजे व्यवहारात जिला ‘एक्झॉस्ट’ म्हणतात तिच्यासंबंधी, जे वाङ्मय उपलब्ध आहे त्यात दोन विषय हमखास आढळतात. एक, नळ्यांची लांबी व व्यास कसे काढावे. आणि दुसरा, त्या नळ्या कोणत्या धातूच्या कराव्या. पहिल्याचा संबंध शक्तीशी लावला जातो, दुसऱ्याचा वजनाशी. हे दोन विषय एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात, परंतु त्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली सहसा दिसत नाही. परिणामी वाचकाची अशी समजूत होते की, लांबीचा प्रश्न आधी गणिताने सोडवावा आणि मग त्याच नळ्या हलक्या धातूच्या घडविल्या म्हणजे हलकी व्यवस्था सिद्ध झाली. ही समजूत चुकीची आहे. तिचे मूळ कोठे आहे आणि तिच्यापायी रचनाकाराच्या हातून काय निसटते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या विषयाला शास्त्राची बैठक देण्याचा मान प्रथम फिलिप स्मिथ यांच्याकडे जातो. १९६२ साली प्रसिद्ध झालेला आणि पुढे जॉन मॉरिसन यांच्या सहकार्याने वाढलेला त्यांचा निष्कास व अंतर्ग्रहण नळ्यांवरील ग्रंथ आजही वाचनीय आहे. निष्कास-नळी ही केवळ धूर बाहेर नेणारी मोरी नसून तीत दाबाचे तरंग धावतात, आणि त्या तरंगांचा उपयोग सिलिंडर रिकामा करण्यासाठी करून घेता येतो, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या गळी उतरविण्याचे काम त्या ग्रंथाने केले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १९८१ मध्ये, ग्रॅहॅम बेल यांचा चतुष्घाती एंजिनांच्या सुधारणेवरील ग्रंथ आला. कारखान्यात बसून काम करणाऱ्यास हाताशी धरता येईल असे सूत्र त्यात मिळाले आणि ते जगभर पसरले. १९९९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील गॉर्डन ब्लेअर यांनी चतुष्घाती एंजिनाची रचना व संगणकीय प्रतिरूपण यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याने सूत्राची गरजच बऱ्याच अंशी संपविली. कारण त्यात तरंगाचा प्रवास नळीच्या लहान लहान भागांतून पायरीपायरीने मोजला जातो. तथापि लोकप्रियतेच्या दृष्टीने पाहता बेल यांचे सूत्रच अद्याप राज्य करीत आहे. म्हणून परीक्षणाचा आरंभ तेथूनच करणे योग्य होईल.

सूत्र असे आहे : निष्कास-झडप उघडल्यापासून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचेपर्यंत क्रँकशाफ्ट जितके अंश फिरतो तितके अंश घ्यावे, त्यांस ८५० ने गुणावे, एंजिनाच्या दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांनी भागावे, आणि आलेल्या संख्येतून ३ वजा करावे. उत्तर इंचांत येते व ती प्राथमिक नळीची, म्हणजे सिलिंडरच्या शीर्षापासून नळ्यांच्या संगमापर्यंतच्या नळीची, लांबी समजावी. वजा केलेले ३ इंच हा सिलिंडरच्या शीर्षातील मार्गाचा हिशेब मानला जातो. दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे एंजिन घेतले, झडप दट्ट्या खालच्या टोकास येण्यापूर्वी ७५ अंश उघडते असे धरले, आणि ७,००० फेऱ्यांवर भर द्यावयाचा ठरविला, तर २५५ अंशांवरून सुमारे २८ इंच, म्हणजे ७१ सेंटीमीटर लांबी निघते. व्यासासाठीही असेच एक सूत्र आहे. त्याने ५०० घन सेंटीमीटरच्या प्रत्येक सिलिंडरास सुमारे ४३ मिलिमीटर आतील व्यास मिळतो. दोन्ही आकडे अनुभवाशी जुळणारे आहेत. सूत्र निरुपयोगी आहे असा आक्षेप येथे नाही.

आक्षेप असा की, हे सूत्र ध्वनिशास्त्रातून निघाले असल्याचा जो भास होतो तो खरा नाही. तपासून पाहणे कठीण नाही. निष्कासाच्या उष्ण वायूत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ६०० मीटर धरता येतो. झडप उघडताच संपीडनाचा तरंग नळीतून निघाला, उघड्या टोकाशी पोहोचून विरलनाचा तरंग म्हणून परतला, आणि दट्ट्या वरच्या टोकास येताना झडपेशी हजर झाला, असे साधे चित्र मनात आणावे. २५५ अंश फिरण्यास ७,००० फेऱ्यांच्या वेगात जो काळ लागतो त्यात तरंग जाऊन येऊन जितके अंतर कापील त्याच्या निम्मी लांबी हवी. आणि ती भरते १ मीटर ८२ सेंटीमीटर. सूत्राने दिलेली लांबी ७१ सेंटीमीटर! शीर्षातील ३ इंच मिळविले तरी ती ७९ च्या पलीकडे जात नाही. निम्म्याहूनही कमी.

अर्थात साधे चित्र साधेच आहे. झडप उघडण्याच्या क्षणी तरंगाचे शिखर निघत नाही. झडप पुरेशी वर उचलली जाईपर्यंत चाळीसपन्नास अंश निघून जातात, आणि म्हणून हिशेबात २५५ ऐवजी दोनशेच्या आसपास अंश धरले पाहिजेत. तसे केल्यास लांबी सुमारे १ मीटर ४३ सेंटीमीटर होते. तरीही ती सूत्राच्या जवळजवळ दुप्पट राहते. उरलेल्या अंतराचा उलगडा एकच संभवतो. प्राथमिक नळी जेथे संगमास मिळते ते टोक पूर्णपणे ‘उघडे’ नसते. तेथून तरंगाचा काहीच भाग परततो आणि बाकीचा संगमातून पुढे अंत्यनळीत जातो, तिच्या मुखाशी पोहोचतो व तेथून परततो. प्राथमिक नळीच्या जोडीस तितक्याच लांबीची अंत्यनळी धरली की एकूण मार्ग दीड मीटरच्या घरात जातो आणि हिशेब बसतो. म्हणजे ८५० हा अंक काही निसर्गनियमाचा गुणक नव्हे. ठराविक प्रमाणाचा संगम, ठराविक लांबीची अंत्यनळी व ठराविक तापमान गृहीत धरून कारखान्यातील अनुभवाने बसविलेला तो एक आकडा आहे. अनुभवाचे हे सार आदरणीय आहे. परंतु त्याच्या पोटात काय दडले आहे हे सांगितल्याविना ते विद्यार्थ्याच्या हाती देणे धोक्याचे होय.

आणि येथेच वजनाचा प्रश्न आत शिरतो. वजन कमी करू पाहणाऱ्या रचनाकाराची पहिली कुऱ्हाड पडते ती अंत्यनळीवर. ती लांब असते, जाड असते, गाडीच्या मागील टोकास असते आणि सूत्रात तर तिचा उल्लेखच नसतो; तेव्हा ती तोडली तर बिघडते काय? बिघडते ते असे की, ज्या दीड मीटरच्या मार्गावर ८५० चा आकडा उभा आहे त्याचा अर्धा भागच काढून घेतला जातो. प्राथमिक नळी सूत्राबरहुकूम राहते, कागदावर सर्व यथास्थित दिसते, आणि एंजिन मात्र मधल्या फेऱ्यांत निस्तेज होते. लांबी व वजन हे दोन प्रश्न निराळे मानल्याचा हा पहिला दंड.

भारतात हा दंड प्रत्यक्ष भोगण्याचा प्रसंग प्रामुख्याने विद्यार्थ्यांवर येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदलेल्या वाहनात निर्मात्याच्या विनिर्देशाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई असल्याने, स्वतंत्रपणे आखलेल्या निष्कास-व्यवस्थेचे क्षेत्र शर्यतीच्या मैदानापुरते उरते. आणि तेथे सर्वांत उत्साहाने उतरतात ती अभियांत्रिकी महाविद्यालये. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी पुण्यामुंबईचे विद्यार्थी जी एकासनी गाडी बांधतात, तिच्या एंजिनास ७१० घन सेंटीमीटरची मर्यादा असते आणि सारी हवा २० मिलिमीटरच्या एका अरुंद मुखातून आत घ्यावी लागते. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम गाडीचे ३७३ घन सेंटीमीटरचे, एकाच सिलिंडराचे एंजिन या कामी पुष्कळदा निवडले जाते. एका सिलिंडरास संगम कसला? नळी एकच, ती थेट सायलेन्सरपर्यंत. अशा एंजिनासाठी ८,००० फेऱ्या व २४० अंश धरून सूत्र चालविले तर ५७ सेंटीमीटर हे उत्तर येते. शिखरास लागणारा विलंब वजा करून वर केलेला साधा हिशेब चालविला तर येते जवळजवळ १ मीटर २० सेंटीमीटर. लहान उत्तर हलके असते, म्हणून ते अधिक गोड वाटते. चार नळ्यांच्या संगमासाठी बेतलेला अंक एका नळीस लावला जातो आणि वाचलेल्या दोनतीनशे ग्रॅमांचा अभिमान अहवालात मिरविला जातो, हे संभवनीय आहे. सूत्राच्या शेजारी त्याची गृहीते छापली असती तर ते टळले असते.

आता धातूच्या प्रकरणाकडे वळावयाचे. टायटॅनियमची घनता साडेचार, पोलादाची पावणेआठ ते आठ. म्हणून टायटॅनियमची नळी पोलादी नळीच्या सुमारे सत्तावन्न टक्के वजनाची, असा युक्तिवाद सर्वत्र आढळतो. तो अंकगणित म्हणून बरोबर आणि रचनाशास्त्र म्हणून अपुरा आहे. वर काढलेल्या ७१ सेंटीमीटर लांबीच्या व ४३ मिलिमीटर आतील व्यासाच्या चार नळ्याच उदाहरणादाखल घ्याव्या. भिंतीची जाडी दीड मिलिमीटर ठेवून त्या स्टेनलेस पोलादाच्या केल्या तर चारींचे मिळून वजन ४.७ किलोग्रॅम होते. त्याच पोलादाची जाडी एक मिलिमीटर केली की ३.१. टायटॅनियमच्या, एक मिलिमीटर जाडीच्या केल्या तर १.८. आणि इन्कोनेल ६२५ नावाच्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या, ज्याची घनता ८.४४ म्हणजे पोलादाहूनही अधिक आहे, अर्धा मिलिमीटर जाडीच्या केल्या तर अवघी १.६ किलोग्रॅम! या यादीत सर्वांत जड धातूची नळी सर्वांत हलकी ठरते. कारण इतकेच की, साताठशे अंश सेल्सिअस तापमानातही तो मिश्रधातू आपले बळ पुष्कळसे राखून असतो, म्हणून त्याची भिंत इतकी पातळ करण्याचे धाडस करता येते. तेव्हा ‘कोणता धातू हलका’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या जागी, या तापमानात, कोणत्या धातूची भिंत किती पातळ करता येईल’ असा तो विचारावयास हवा; आणि ‘या जागी’ हे शब्द त्यात सर्वांत महत्त्वाचे.

पूर्ण भारावर निष्कास-वायूचे तापमान झडपेच्या निकट ८०० ते ९५० अंशांपर्यंत चढते. शुद्ध टायटॅनियम त्या उष्णतेत टिकत नाही. चारशे अंशांच्या पुढे त्याचे बळ झपाट्याने ओसरते, आणि त्याहून वर गेल्यास ते हवेतील प्राणवायू शोषून पृष्ठभागी ठिसूळ बनते. अॅल्युमिनियम, सिलिकॉन व नायोबियम यांचा अल्प अंश घालून ही मर्यादा वर सरकविणारे प्रकार निघाले आहेत; तथापि सिलिंडरच्या तोंडाशी ही धातू बेतानेच वापरावी लागते. २००१ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड ०६ या गाडीत टायटॅनियमचा जो उपयोग झाला तो या दृष्टीने विवेकपूर्ण होता. तेथे टायटॅनियम सायलेन्सर व शेवटच्या नळ्यांपुरते, म्हणजे वायू पुरेसा निवल्यानंतरच्या भागापुरते, वापरले गेले आणि सुमारे ८ किलोग्रॅम वजन वाचले. वाचलेले वजन शिवाय मागील आसाच्या पलीकडचे होते, ही गोष्ट तर अधिकच मोलाची. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून १.९ मीटर अंतरावरचे ८ किलोग्रॅम वळणावर गाडीला फिरण्यास जो विरोध करतात तो अर्ध्या मीटरवरील तितक्याच वजनाच्या चौदा पटींहून अधिक असतो, कारण येथे अंतराचा वर्ग लागतो. वजन किती वाचले हे सर्वजण सांगतात. ते कोठले वाचले हे सांगण्याची रीत अजून पडावयाची आहे.

नळी हलकी केली म्हणजे ती तुटेल, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि त्याच्या उलट, टायटॅनियम लवचिक असल्याने कंपन सोसते, असा दुसरा. दोन्हींची शहानिशा करणे उद्बोधक आहे. दोन टोकांना टेकलेल्या पातळ नळीची स्वाभाविक कंपनसंख्या तिच्या लांबीवर, व्यासावर आणि धातूच्या स्थितिस्थापकता-गुणांकाचे घनतेशी जे गुणोत्तर असते त्यावर अवलंबून राहते. भिंतीची जाडी त्यात येतच नाही. कारण जाडी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो आणि वजनही. गंमत अशी की, गुणांक व घनता यांचे हे गुणोत्तर पोलाद, टायटॅनियम व इन्कोनेल या तिघांत जवळजवळ सारखेच आहे. म्हणजे नुसत्या नळीच्या दृष्टीने पाहता, धातू बदलून किंवा पातळ करून कंपनसंख्येत फारसा फरक पडत नाही. आपल्या उदाहरणातील ७१ सेंटीमीटरची नळी सरळ व दोन्ही टोकांस टेकलेली मानली तर थंड अवस्थेत ती सेकंदास सुमारे २४५ वेळा कंप पावेल. तापल्यावर गुणांक घटतो व ती संख्या २१५ च्या आसपास उतरते. चार सिलिंडरांच्या एंजिनाचा मुख्य थरथराट दर फेऱ्यास दोन वेळा होतो. सबब सुमारे साडेसहा हजार फेऱ्यांवर एंजिन व नळी यांचे सूर नेमके जुळतात, आणि ७,००० फेऱ्यांसाठी बांधलेली गाडी त्या जागेवरून शर्यतभर शेकडो वेळा जाते. प्रत्यक्षातील नळी वाकडीतिकडी असल्याने आकडे बदलतील, पण संकट बदलणार नाही.

मग पातळ केल्याने काय बिघडते? नळीवर जे दुसरे काही टांगलेले असते त्याचा तोल बिघडतो. सायलेन्सर, प्राणवायू-मापक, जाड पट्टी, कड्या हे सारे पूर्वीइतकेच जड राहतात आणि त्यांना धरणारी नळी मात्र दुबळी होते. कंपनसंख्या खाली उतरते, ताण वाढतो, आणि तडा नळीच्या मध्यावर न जाता नेमका पट्टीच्या वेल्डिंगच्या काठाशी जातो. धातूचा शिणवटा तेथेच साठत आलेला असतो. म्हणून हलक्या व्यवस्थेचे खरे कौशल्य नळीत नसून तिच्या आधारांत असते. विषयाची ही बाजू ग्रंथांत एकदोन परिच्छेदांत आटोपली जाते, हे आश्चर्य नव्हे काय?

१९६२ च्या मे महिन्यात सिल्व्हरस्टोन येथे जे घडले ते या संदर्भात स्मरणीय आहे. ग्रॅहॅम हिल यांच्या बीआरएम गाडीच्या आठ सिलिंडरांना आठ स्वतंत्र, आखूड, वर उभ्या राहिलेल्या नळ्या होत्या. संगम नाही, अंत्यनळी नाही. वजनाच्या दृष्टीने याहून काटकसरीची योजना कल्पिणे कठीण. शर्यत चालू असता कंपनामुळे त्यांतील काही नळ्या गळून पडल्या आणि तशा अवस्थेतही हिल यांनी अखेरच्या क्षणी जिम क्लार्क यांस गाठून शर्यत जिंकली. कथा म्हणून ती रोमहर्षक आहे, आणि तिचा शेवट विजयात झाल्यामुळे तिच्यातील रचनेचा दोष झाकला गेला. बीआरएमच्या कारखान्यास मात्र भूल पडली नाही. त्याच हंगामात उभ्या नळ्या जाऊन खालून जाणाऱ्या, एकत्र मिळणाऱ्या नळ्या आल्या. वजन वाढले आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपदही हिल यांस मिळाले. एका टोकास घट्ट बांधलेली व दुसऱ्या टोकास मोकळी सोडलेली नळी दोन्हीकडून टेकलेल्या नळीच्या सुमारे एकतृतीयांश कंपनसंख्येने थरथरते. उभ्या नळ्यांचे भवितव्य या साध्या नियमात लिहिलेलेच होते.

तथापि वजनाचा सर्वांत मोठा निर्णय नळ्यांच्या किंवा आधारांच्याही आधी, क्रँकशाफ्टच्या आराखड्यावर होऊन गेलेला असतो, आणि याची जाणीव प्रचलित वाङ्मयात सर्वांत अंधुक आहे. आठ सिलिंडरांच्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या अमेरिकन एंजिनाचे उदाहरण घ्यावे. फोर्डच्या ज्या ४.७ लिटरच्या एंजिनाने जीटी ४० ही गाडी प्रथम नावारूपास आणली, त्याच्या भुजा एकमेकींशी ९० अंशांचा कोन करून बसविलेल्या आहेत. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ असा असून १ ते ४ उजवीकडे व ५ ते ८ डावीकडे आहेत. आता केवळ उजवी बाजू पाहिली तर तिच्यातील स्फोटांमधील अंतरे १८०, ९०, १८० व २७० अंश अशी विषम पडतात. दोन शेजारचे तरंग ९० अंशांवर एकमेकांच्या अंगावर येतात आणि संगमाचा लाभ नष्ट होतो. लाभ हवा असेल तर १, ४, ६ व ७ हे एका संगमास आणि ५, २, ३ व ८ हे दुसऱ्या संगमास नेले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक बाजूच्या दोन नळ्या एंजिन ओलांडून पलीकडे गेल्या पाहिजेत. जीटी ४० च्या पाठीमागे गिअरपेटीवर पसरलेले ते सर्पांच्या विळख्यासारखे नळ्यांचे भेंडोळे ज्यांनी चित्रात पाहिले असेल त्यांस ते सौंदर्यासाठी केले असावे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो क्रँकशाफ्टच्या एका निर्णयाचा भुर्दंड होता, आणि तो वजनात, उंचीवर व उष्णतेत भरला जात होता. ते भेंडोळे टायटॅनियमचे केले असते तर भुर्दंड थोडा कमी झाला असता, इतकेच.

याच कोड्याचे दुसरे उत्तर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री क्लायमॅक्सच्या दीड लिटरच्या एंजिनात मिळाले. तेही आठ सिलिंडरांचे. आरंभी त्यालाही ९० अंशांच्या भुजांचा क्रँकशाफ्ट होता आणि नळ्या अशाच एंजिनावरून आरपार न्याव्या लागत. १९६३ च्या सुमारास भुजा एकाच पातळीत आणणारा सपाट क्रँकशाफ्ट आला. त्यासरशी प्रत्येक बाजूचे स्फोट आपोआप १८० अंशांवर पडू लागले, नळ्या आपापल्या बाजूस सरळ मागे गेल्या, आणि आरपार जाणाऱ्या नळ्यांचे सारे ओझे कोणताही नवा धातू न वापरता नाहीसे झाले. सपाट क्रँकशाफ्टमुळे एंजिनाचा थरथराट वाढतो हे खरे. दीड लिटरच्या लहान, हलक्या दट्ट्यांच्या एंजिनात तो सोसवला. मोठ्या एंजिनात तो इतका सहज सोसवत नाही, आणि मग वर सांगितलेले आधारांचे संकट पुन्हा उभे राहते. नळीतील वजन क्रँकशाफ्टमध्ये व क्रँकशाफ्टमधील कंपन नळीत, असा हा देवघेवीचा व्यवहार आहे. तो एका पानावर मांडणारा ग्रंथ या विषयास हवा आहे.

ध्वनीच्या बाबतीत थोडक्यात इतके म्हणता येईल की, हलकेपणाची किंमत येथे उघडपणे मोजावी लागते. सायलेन्सरच्या मुखातून येणारा आवाज आतील सच्छिद्र नळी व भोवतीची काचतंतूंची गादी यांनी कमी करता येतो. परंतु पातळ पत्र्याचे कवच स्वतःच डफासारखे वाजू लागते, आणि त्याची घनता व जाडी यांचा गुणाकार निम्मा केला तर त्यातून पार होणारा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत ११० डेसिबेलची कमाल मर्यादा असताना हे ६ डेसिबेल पास व नापास यांतील फरक ठरू शकतात. उलट पातळ भिंतीचा एक लाभ अनुल्लेखित राहतो : ती स्वतः तापण्यास थोडीच उष्णता खाते, म्हणून तिच्यापुढील उत्प्रेरक-पेटी अडीचशेतीनशे अंशांचे आपले कार्य-तापमान लवकर गाठते. हलकेपणा व स्वच्छ धूर यांचे येथे वैर नसून सख्य आहे.

वजन वाचविण्याचा आणखी एक मार्ग गॉर्डन मरे यांनी १९९२ च्या मॅक्लारेन एफ १ गाडीत दाखविला. तिच्या मागील भागी आडवा बसविलेला मोठा सायलेन्सर हाच मागून बसणाऱ्या धडकेचा आघात शोषून घेण्याच्या कामीही योजिला आहे. सायलेन्सर एकटाच तोलला तर तो हलका नाही, असे कोणी म्हणेल. पण त्याच्यामुळे जो दुसरा अवयव गाडीत घालावाच लागला नाही त्याचे वजन कोणत्या रकान्यात मांडावयाचे? धातूंच्या तुलनेचे तक्ते छापणाऱ्या ग्रंथांत असा रकाना नसतो. हीच त्या तक्त्यांवरील सर्वांत समर्पक टीका होय.

ब्लेअर यांच्या पद्धतीने हे सर्व प्रश्न सुटतील अशी आशा बाळगणाऱ्यांचा एक वर्ग आहे. तरंगाच्या बाजूने ती आशा सार्थ आहे. मोठ्या दाबाचा तरंग पुढे जाताना आपला आकार बदलतो, त्याचे शिखर पायथ्याहून जलद धावते व त्याची पुढची बाजू चढी होत जाते; ही गोष्ट कोणत्याही एका ओळीच्या सूत्रात मावणारी नाही, आणि संगणकीय प्रतिरूपण ती चोख हिशेबात धरते. परंतु प्रतिरूपणाला भिंतीचे तापमान द्यावे लागते, ते भिंतीच्या जाडीवर व धातूवर अवलंबून असते, आणि बहुतेक वेळा तो आकडा अंदाजाने भरला जातो. पातळ, तापून लाल झालेली नळी आणि जाड, निवलेली नळी यांतील वायूचे तापमान शंभर अंशांनी भिन्न असले तर ध्वनीचा वेग पाचसहा टक्क्यांनी बदलतो. ७१ सेंटीमीटरच्या नळीत ही तफावत चार सेंटीमीटरच्या चुकीबरोबर आहे. भिंत पातळ केली म्हणजे योग्य लांबीही बदलली. इतका सरळ संबंध असताना लांबी आधी व जाडी नंतर, हा क्रम संगणकाच्या युगातही चालू राहावा, यात सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

प्रत्यक्ष घडणीविषयीचा एक तपशील येथे नोंदविणे अवश्य आहे. स्टेनलेस पोलादाची ७१ सेंटीमीटरची नळी सातशे अंशांनी तापली की जवळजवळ ९ मिलिमीटर लांबते. टायटॅनियमची तितक्याच तापमानाने सुमारे ५. चार नळ्या एका बाजूस एंजिनाशी बोल्टांनी घट्ट आवळलेल्या व दुसऱ्या बाजूस संगमाशी वेल्डिंगने कायमच्या जोडलेल्या असतील, तर प्रत्येकीची वाकणे निराळी असल्यामुळे हे लांबणे असमान होते आणि सारा ताण संगमाच्या सांध्यावर येऊन पडतो. संगमाशी नळी नळीत सरकणारा सांधा ठेवावा व स्प्रिंगांनी तो धरून ठेवावा, हा त्यावरील जुना उपाय. सांधे व स्प्रिंगा मिळून तीनचारशे ग्रॅमांचा भार सहज होतो, म्हणून हलकेपणाच्या नादात प्रथम तेच वगळले जातात. परंतु ते ठेवल्यास भिंत दीडऐवजी एक मिलिमीटरची करता येते व दीड किलोग्रॅमहून अधिक वाचतात. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही अरगॉन वायू खेळविला पाहिजे, मग धातू टायटॅनियम असो वा पातळ स्टेनलेस. टायटॅनियमचा सांधा रुपेरी उतरला तर उत्तम, पेंढ्याच्या रंगाचा असला तर चालेल, निळा संशयास्पद. आणि राखाडी किंवा पांढुरका झाला असेल तर तो कापून पुन्हा केला पाहिजे. दुकानांच्या काचेआड मांडलेल्या नळ्यांवर निळ्याजांभळ्या छटा मुद्दाम आणलेल्या असतात, व त्या पाहून सांध्यावरील निळेपणाही कारागिराच्या कौशल्याची खूण समजली जाते.